मिस्त्रीने बघितलंय

"आमचा मिस्त्री एक नंबर आहे," असं प्रेमराज म्हणाला आणि ट्रकच्या अलीकडे, जॅकखाली उकिडवी बसलेली मी, हातातला चिंध्यांचा बोळा तसाच धरून क्षणभर लाजले. खरंच लाजले. ह्या वयात, कोपरापर्यंत काळ्या झालेल्या हातांनी, जळगावात महाबळकडच्या एका कॉलनीत भर सकाळी रस्त्यावर बसून. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण नवऱ्याने चारचौघांत माझ्याबद्दल असं काही म्हटल्याचं मला आठवत नव्हतं. मी इथे ऐकतेय हे त्याला माहीत नाही आणि तरी तो बोलतोय, म्हणून ते जास्तच गोड लागलं. मग ज्यांच्या अंगणातला गुलमोहर छाटायला आम्ही आलो होतो त्या यशोदाबाईंनी विचारलं, "कुठले हो ते?" प्रेमराज म्हणाला, "अमळनेरचे. कौतिक मिस्त्री. म्हातारा माणूस, पण कान असा की मशीन नुसतं सुरू करा, लांबून सांगतील कुठं दुखतंय ते. कालच येऊन बघून गेले. तुम्ही काळजीच करू नका." कौतिक मिस्त्री म्हणजे माझे वडील. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली.

माझ्या हातातला बोळा पडला नाही की डोळ्यांत टचकन पाणी आलं नाही. लाज जिथे होती तिथेच उलटली आणि तिचा राग झाला, एवढंच. समोर जॅकच्या तोंडाशी तेलाचा पातळ पदर जमत होता. मी पुसत होते, तो पुन्हा येत होता. काल दिवसभर ह्याच जॅकखाली पोत्यावर पाठ टेकून, दातांत टॉर्च धरून कोण पडलं होतं? मी. आणि बाहेर येऊन मी काय सांगितलं होतं? आतलं ऑइल सील कापलंय, नवीन बसवल्याशिवाय पाळणा वर न्यायचा नाही. म्हणजे काल कौतिक मिस्त्रींनी मशीन बघितलं आणि पास केलं, मीही बघितलं आणि नापास केलं, आणि आम्हा दोघांत मेलेल्या माणसाचं खरं ठरलं.

आमचा धंदा झाडं छाटण्याचा. दोन कटर आहेत, म्हणजे साखळीच्या करवती. फांद्यांचा भुगा करणारं एक मशीन आहे. आणि हा ट्रक, त्याच्या पाठीवर दुमडणारा लोखंडी हात, हाताच्या टोकाला माणूस उभा राहील एवढा पिंजरा. ह्या पिंजऱ्याला आम्ही पाळणा म्हणतो. तो ट्रकवर बसवून पहिल्यांदा घरी आणला तेव्हा सासूबाईंनी, ताईबाईंनी, दारातून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि शेजारणीला म्हणाल्या, "आमना घरमा पाळणा उना, पन ट्रकवर उना." शेजारीण हसली. मीही हसले, कारण मूल नसलेल्या बाईने अशा वेळी हसायचं असतं. पुढे मी त्या पाळण्याला रोज ग्रीस लावलं, त्याच्या प्रत्येक पिनेला, प्रत्येक नळीला हात लावून बघितलं. कुणी आपलं तान्हं मूलही इतकं चाचपून बघत नसेल. करवतीची साखळी कानशीने दात न् दात घासायची, पेट्रोलमध्ये तेल मापात मिसळायचं, नाहीतर आत पिस्टन अडकून बसतं. हवेच्या जाळीत बसलेला भुगा झटकायचा. निंबाचा भुगा हलका, उडून जातो. सुबाभळीचा चिकट, तो पेट्रोलने धुवावा लागतो. हे सगळं शिरसोली रस्त्यावरच्या आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये होतं आणि तिथे गिऱ्हाईक येत नाही. कापणारा झाडावर दिसतो, म्हणून नाव त्याचं होतं. मशीन नीट चाललं तर ते कुणी नीट ठेवलं हे कुणी विचारत नाही, असा माझा समज होता. आता कळलं की लोक विचारत होते. फक्त उत्तर मला ठाऊक नव्हतं.

आणि मग एकेक गोष्ट आठवायला लागली, मनात एखादं पोतं फाटल्यासारखी. एका लग्नात एका डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "मिस्त्रींची तब्येत कशी आहे?" बाबांना जाऊन तेव्हा बरेच दिवस झाले होते. मला वाटलं, बाईला नीट कळलेलं नाही. मी म्हणाले, "आता कसली तब्येत!" त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "वयच झालं." त्यांच्या डोक्यात माझा बाप अंथरुणाला खिळलेला होता आणि मला वाटलं बाई सांत्वन करतेय. दिवाळीत एका कारखानदाराने दिलेली शाल घरी आली, ती कुणाकरता म्हणून विचारलं तर प्रेमराज म्हणाला, "आपल्यालाच दिलीय." ती शाल सासूबाई थंडीत पांघरतात. चांगली ऊबदार आहे. अमळनेरला मी बापाचं तेरावं करून आले, त्यांचे पाने आणि हातोड्या ट्रंकेत भरून इथे आणल्या, आणि जळगावात मात्र ते जिवंत राहिले, शालजोड्या घेत, फराळ खात, मशीन पास करत. बापाला इतकं आयुष्य लाभलं ह्याचा आनंद मानावा तर तो मानायला तयार व्हावं लागतं. मी तयार नव्हते.

बाबा अमळनेरच्या एका तेलाच्या गिरणीत फिटर होते. त्यांच्या सदऱ्याला सरकीच्या तेलाचा वास यायचा. आई तो वेगळ्या बादलीत धुवायची. गिरणी बंद पडली तेव्हा लोकांच्या मोटारी, पंप, पिठाच्या चक्क्या घरी यायला लागल्या. ओट्यावर सगळं उघडून ठेवलेलं असायचं आणि मी शाळेचं दप्तर टाकून तिथेच बसायची. माझा हात लहान होता. मोठ्या माणसाचा पंजा जिथे जात नाही तिथे माझा जायचा. "ओ मिस्त्री," बाबा मला हाक मारायचे, "हात घाल व आठे." मी हात घालायची आणि आतला नट बोटांनी शोधून काढायची. त्यांनी मला स्क्रूड्रायव्हर कानाला लावून ऐकायला शिकवलं. टोक चालत्या मशीनवर टेकवायचं, मूठ कानाशी धरायची, मग आतलं बोलणं ऐकू येतं. "डोया मिट," म्हणायचे, "तुले काय ऐकू येस?" मी म्हणायची, "खरखर." "कुठली खरखर? कोरडी का ओली?" आणि मी बरोबर सांगितलं की गिऱ्हाइकासमोर, आईसमोर, गल्लीसमोर मोठ्याने हसायचे, "देखा, मन्हा मिस्त्री देखा." थट्टाच होती ती. बारावीनंतर फिटरच्या कोर्सचा विषय मी काढला तेव्हा त्यांनीच मान खाली घालून सांगितलं होतं की तिथे सगळी पोरं असतात. पण तरी थट्टेत का होईना, मिस्त्री हा शब्द पहिल्यांदा मला मिळाला होता. म्हणून तर सकाळी मी लाजले. तो शब्द रस्त्यात ऐकू आला आणि कुणी घरच्या नावाने हाक मारावी तसं मी मनातल्या मनात ओ दिली.

ट्रक आम्ही धुळ्याहून आणला, जुना, सांगाड्यासकट. तेव्हा बाबा पिशवी घेऊन जळगावला आले आणि शेडमध्ये राहिले. लोखंडी हात ज्याच्यावर उचलला जातो तो जॅक त्यांनी आणि मी मिळून बसवला. ट्रॅक्टरची ट्रॉली उलटवायला असतो तसाच साधा जॅक आहे तो. खालून तेलाचा दाब येतो, चकचकीत दांडा बाहेर सरकतो, पाळणा वर जातो. तेल सोडलं की खाली येतो. तोंडाशी एक सील असतं, रबराचं कडं. सगळा भार त्या कड्याच्या भरवशावर असतो. बाबा म्हणायचे की माणूस वर उभा असेल तर त्याचा जीव त्या कड्यात आहे हे विसरायचं नाही. पहिल्या गिऱ्हाइकांनी बाबांना बघितलं, त्यांच्याशी बोलले, त्यांचा चहा घेतला. मग बाबा गेले. आणि प्रेमराजला, मनातल्या मनात मी त्याला नावानेच म्हणते, तोंडावर अहो, त्याला बहुधा एवढंच वाटलं असेल की गिऱ्हाइकाला उगाच कशाला सांगा. गरज सरो नि वैद्य मरो म्हणतात. आमच्याकडे वैद्य मेला होता आणि गरज सरत नव्हती.

सील कापलं गेलं ते खांडेनवमीच्या पूजेमुळे. त्या दिवशी मशीन, हत्यारं, वाहनं धुऊन पुसून ठेवतात, पूजा करतात, कामाला हात लावत नाहीत. आमच्याकडे पूजा प्रेमराज करतो आणि मी मागे ताट धरून उभी राहते. वर्षभर हात माझे आणि त्या एका दिवशी हळदकुंकू त्याचं. ह्या वर्षी सासूबाई म्हणाल्या की नुसतं कुंकू कशाला, तेलात शेंदूर कालवून स्वस्तिक काढ, उठून दिसेल. प्रेमराजने सगळ्या ट्रकवर सगळ्यात चकचकीत जागा शोधली, आणि ती होती, धुवायला पाळणा वर नेला होता म्हणून बाहेर आलेला, जॅकचा दांडा. मी म्हणाले, "तिथं नको." सासूबाई म्हणाल्या, "पूजामा नको म्हनू नही." अपशकुन नको म्हणून मी गप्प बसले. मोठं, भरदार, शेंदरी स्वस्तिक त्याने त्या आरशासारख्या लोखंडावर काढलं, वर अक्षता चिकटवल्या. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी शेडला जाईपर्यंत त्याने पाळणा खाली घेऊन ट्रक बाहेर काढला होता. वाळलेला शेंदूर, तांदळाचे कण, सगळं दांड्याबरोबर आत ओढलं गेलं आणि रबराचं कडं करवतीसारखं कापत गेलं. मी नंतर दांडा रॉकेलने पुसला, नखांनी खरवडला. दांडा निघाला लख्ख. कडं गेलं ते गेलंच. देवाने त्या स्वस्तिकाला काय मानलं कोण जाणे, मशीनने वाळू मानली.

मी सहसा कामावर येत नाही. आज आले कारण त्याच्यावर माझा विश्वास नव्हता. बोळा ट्रकच्या पायरीवर ठेवून मी पलीकडे गेले, त्याला हाताने खूण करून मागे बोलावलं. यशोदाबाई फाटकात उभ्या होत्या. एकट्या राहतात, मुलगा पुण्याला असतो. गुलमोहराची एक वाळकी फांदी त्यांच्या गच्चीवर झुकलेली होती आणि तिच्या खालून रस्त्याची विजेची तार गेली होती.

"काल कोण आलं होतं मशीन बघायला?" मी हळू विचारलं.

तो आधी समजलाच नाही. मग समजला आणि हसला. त्याचं हसू वाईट नाही, तेच तर वाईट आहे. "ऐकलंस होय? अगं, धंद्यात बोलावं लागतं."

"बाबांचं नाव?"

"मग काय तुझं घेऊ? बायको मशीन बघते म्हटलं तर कोण झाडाखाली उभं करेल आपल्याला? आणि तुझ्या बापाचंच नाव मोठं करतोय ना मी? दुसऱ्या कुणाचं केलं असतं म्हणजे?"

 त्याचं बोलणं इतकं गुळगुळीत होतं की कुठे बोट अडकेना. मी म्हणाले, "अहो, ते राहू द्या. आज पाळणा वर न्यायचा नाही. शिडी लावा, दोर लावा. बाईंना सांगा उद्या येतो. मी आत्ता जाऊन सील आणते, दुपारपर्यंत बसवते."

"थोडं पाझरतं एवढंच ना?"

"आत्ता थोडं पाझरतंय. भार आला की बसेल."

"बाईंना सांगून झालंय, मिस्त्रीने पास केलंय म्हणून," तो म्हणाला, आणि हे तो मला समजावून सांगत होता, जणू मिस्त्री नावाचा कुणी खरोखरच आहे आणि त्याचा शब्द मोडणं आता आपल्या दोघांच्याही हातात नाही.

वर जायचं काम कुवरसिंगचं. सातपुड्याच्या पायथ्याचा, चोपड्याच्या पलीकडचा माणूस, झाडावर चढतो तेव्हा झाड हलत नाही. त्याने हेल्मेट घातलं, कटर पाळण्यात ठेवलं, एक पाय आत टाकला आणि थांबला. प्रेमराजकडे न बघता त्याने माझ्याकडे बघितलं. "अक्का, जाऊ का?" मी मान हलवली, नको म्हणून. त्याने पाय बाहेर काढला आणि कडेला जाऊन तंबाखू मळायला लागला. एवढं साधं होतं ते. पण ते यशोदाबाईंच्या समोर झालं. प्रेमराजचा चेहरा आधी लाल झाला, मग तो मोठ्याने हसला आणि बाईंना ऐकू जाईल असं म्हणाला, "घाबरतात हो ही माणसं. मिस्त्रीने बघितलंय म्हटलं तरी घाबरतात." आणि स्वतःच पाळण्यात चढला. त्याने मला बोटाने खूण केली, ने वर. जॅकला तेल द्यायची दांडी खाली ट्रकवर असते, मी तिला हात लावला नाही, तशी पाळण्यातला दट्ट्या स्वतःच दाबून तो वर गेला. लोखंडी हात उलगडला, जॅकचा दांडा ऊन खात बाहेर सरकला आणि पाळणा तारेच्या वर, गुलमोहराच्या त्या वाळक्या फांदीशी जाऊन थांबला. लाइन बंद करून घेतलेली नव्हती. आपण तारेच्या वरच आहोत, तिला शिवायचंच नाही तर बंद कशाला करायची, असा त्याचा हिशेब.

कटर सुरू झालं. त्या आवाजात दुसरं काही ऐकू येत नाही, पण माझा कान लहानपणापासून बिघडलेला आहे, मला गोंगाटातली बारीक गोष्टच आधी ऐकू येते. इंजिनाच्या मागे, कटरच्या मागे, एक ओली फुसफुस होती. मी जॅककडे बघितलं. तेलाचा पदर राहिला नव्हता, ओघळ झाला होता, दांड्यावरून खाली येऊन ट्रकच्या पाट्यावर साचत होता.  पाळणा बसत होता. वर उभ्या माणसाला कळणार नाही इतका हळू, कारण तो फांदीकडे बघत होता आणि फांदीही भुगा उडवत हलत होती. खालून मला तार दिसत होती, पाळण्याचा लोखंडी तळ दिसत होता आणि दोघांमधलं आकाश अरुंद होताना दिसत होतं. तेवढ्यात आत कुठे तरी कड्याचा उरलेला तुकडा निखळला असणार, कारण पाळणा एकदम हातभर खाली कोसळला आणि तिथे लोंबकळत थरथरला.

कटर बंद पडलं. प्रेमराजने खाली बघितलं. तार त्याच्या पायाखाली होती.

"दिपा!" तो ओरडला. मग लगेच, "मिस्त्रीले फोन लाव! मिस्त्रीले फोन लाव व, लवकर!"

गिऱ्हाइकासमोर वापरायची त्याची शहरी भाषा गळून पडली, घरची बोली बाहेर आली, पण खोटं काही गळालं नाही. जीव जायची वेळ आली तरी त्याला खाली मी दिसत नव्हते, मिस्त्री दिसत होता. मला हे अजून आठवतं तेव्हा त्याची कीव येत नाही, माझीच येते.

मी तोवर ट्रकवर चढले होते. खालची दांडी माझ्या हातात होती. सील गेलं असलं तरी इंजिन चालू असेपर्यंत खालून तेल देता येतं. जितकं गळतं तितकं द्यायचं, थोडं जास्त दिलं तर पाळणा झटका खाऊन उडणार, कमी दिलं तर तारेवर बसणार. ते डोळ्यांनी जमत नाही. मी डोळे मिटले. तुले काय ऐकू येस? ओली फुसफुस. तिचा आवाज आणि पंपाचा आवाज एका पट्टीत आला की पाळणा जागच्या जागी उभा राहतो. मी तो तिथे उभा केला. "कुवरसिंग, चाक फिरव. रस्त्याच्या बाजूला. सावकाश," मी म्हणाले आणि कुवरसिंगने तंबाखू थुंकून लोखंडी हात घुमवायचं चाक धरलं.

फाटकातून यशोदाबाई धावत आल्या. घाबरल्या होत्या बिचाऱ्या, पायात चप्पलही नव्हती. "अहो बाई, तुम्ही हात लावू नका! मशीन आहे ते, भलतंच काही होईल! मिस्त्रींना फोन लावा ना!"

"मिस्त्री वारले," मी डोळे न उघडता म्हणाले.

"अगंबाई! कधी?"

"नऊ वर्षं झाली."

त्यांच्याकडे बघायला मला वेळ नव्हता, पण त्या मागे सरल्याचं कळलं. वर प्रेमराजनेही ते ऐकलं असणार, कारण त्याचं ओरडणं थांबलं. बाबा जळगावात त्या क्षणी मेले. अमळनेरला मी रडले होते तेव्हा चारचौघं होती, रीत होती, सांभाळायला आई होती. इथे माझ्या हातात दांडी होती आणि ती हलली तर नवरा मरणार होता, म्हणून मी रडले नाही. पाळणा तारेच्या वरून सरकत सरकत बाजूला आला, रस्त्याच्या वर आला, आणि मग मी तेल द्यायचं थांबवलं. तो आपोआप, दमलेल्या गुरासारखा, जमिनीवर येऊन बसला.

प्रेमराज बाहेर आला तो सरळ यशोदाबाईंच्या ओट्यावर बसला.  बाईंनी आतून पाण्याचा तांब्या आणला, आधी त्याला दिला. मी ट्रकवरून उतरले आणि इंजिन बंद केलं. मग सगळं फार शांत झालं. गुलमोहराच्या वाळक्या शेंगा तेवढ्या वाजत होत्या. बाई त्याच्याकडे बघत होत्या, मग माझ्या हातांकडे, मग पुन्हा त्याच्याकडे. शेवटी त्यांनी विचारलंच. "नऊ वर्षं? मग इतकी वर्षं हे मशीन कोण बघतं?"

त्याने पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला. तोंड पुसलं. मी तिथेच उभी होते. बोटानेही चाललं असतं मला. नुसतं माझ्याकडे बोट केलं असतं तरी मी उरलेला जन्म त्या एका बोटावर काढला असता, इतकी मी स्वस्त आहे. त्याने माझ्याकडे बघितलं, खरंच बघितलं, आणि मला वाटलं, आता.

"सासऱ्यांचाच एक चेला आहे," प्रेमराज म्हणाला. "धुळ्याला असतो."

बाई म्हणाल्या, "हो का?" आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. मला ते स्पष्ट दिसलं. माझ्यापेक्षा धुळ्याचा तो चेला त्यांना बरा वाटला. मग त्या माझ्याजवळ येऊन मायेने म्हणाल्या, "वडील ना ते तुमचे? अजून सावरला नाहीत तुम्ही." मी हो म्हणाले. खोटं काय होतं त्यात?

मी परत ट्रकवर चढले. तेल द्यायची दांडी खोबणीतून उपटता येते, बाबांनीच ती तशी केली होती, शेडमध्ये कुणी येऊन उगाच खेळू नये म्हणून. मी ती उपटली आणि पदराखाली घेतली. कुवरसिंगने बघितलं आणि तो दुसरीकडे बघायला लागला. लोखंडी हात रस्त्यावर आडवा पसरलेला होता. ही दांडी नसताना पाळण्यातला दट्ट्याही चालत नाही, म्हणजे आता तो हात उचलता येणार नव्हता, दुमडता येणार नव्हता आणि पाळण्यात उभं राहून कुणाला वरही जाता येणार नव्हतं. मी कुणाला काही न सांगता कोपऱ्यापर्यंत चालत गेले आणि रिक्षा थांबवली. रिक्षावाल्याने माझ्या हातांकडे आणि सीटकडे बघितलं, मी पिशवी खाली अंथरून बसले.

आकाशवाणी चौकाच्या अलीकडेच फोन वाजला. प्रेमराजचा.

"दांडी कुठंय?" त्याचा आवाज दबलेला होता. "रस्ता अडलाय सगळा. मागे गाड्यांची रांग लागलीय. लोक शिव्या देतायत. काय करायचं सांग लवकर."

 त्याच्या मागे हॉर्न वाजत होते. मग यशोदाबाईंचा आवाज आला, लांबून, "मिस्त्री आहेत का हो फोनवर? काय म्हणतायत?"

आणि प्रेमराज त्यांना म्हणाला, "हो, हो. मिस्त्रीच आहेत."

बाबा गेल्यानंतर पहिल्यांदाच तो खरं बोलला होता, आणि ते त्याला कळलंही नव्हतं.  मला एवढ्यावरही बरं वाटलं, आणि त्याचाच मला फार राग आला.

"सांग ना," तो मला म्हणाला.

"सांगते," मी म्हणाले. "फोन बाईंकडे द्या. त्यांना सांगते."

हॉर्न वाजत राहिले. कुणी तरी ट्रकचा पत्रा हाताने बडवत होतं. त्याचा श्वास मला ऐकू येत होता, कोरडा, आणि मी डोळे मिटून तो ऐकत बसले, आतलं काही बोलतंय का म्हणून. मग फोन कट झाला. थोडा वेळ मी तो तसाच कानाशी धरून ठेवला.

"मावशी, कुठं सोडू?" रिक्षावाल्याने विचारलं.

"ऑइल सीलचं दुकान आहे ना स्टेशनच्या रस्त्याला, तिथं," मी म्हणाले. दांडी मांडीवर होती, तिच्यावरचं तेल साडीला लागत होतं. नवरा रस्त्यात उभा राहिला तर राहू दे, पण मशीन असं गळत ठेवायचं नसतं.